पुन्हा चालवलं, झालं

“परत तिथंच पडलं बघ,” तौफिक म्हणाला आणि त्यानं खुर्ची मागं ढकलली.

मी वाकून पाहिलं. स्क्रीनवर सरसर वर जाणाऱ्या ओळी थांबल्या होत्या आणि तळाला सकाळचीच एरर येऊन बसली होती. बुधवार होता. दुपारचे बारा वाजले होते. शनिवारी सकाळी अकराला आम्हाला हॉस्पिटलच्या चौकशी समितीपुढं उभं राहायचं होतं, आणि आमच्या हातात अजून काहीच नव्हतं.

“फोल्डरचं नाव काय दिलंयस?” मी विचारलं.

“मगदूम सर.”

“मध्ये जागा सोडलीयस?”

“सोडायची नाही व्हय? सरांना जरा मान नको का?”

“अरे लगा, नावात जागा असली की याला ती दोन नावं वाटतात. मगदूम सापडतो, सर सापडत नाही.”

तौफिक हसला. मग मला बघून हसायचा थांबला. त्या दिवसांत सगळे माझ्यासमोर असेच करायचे, हसता हसता थांबायचे. मला त्याचा राग यायला हवा होता, पण तोही यायचा नाही.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. सांगली-मिरजेच्या मध्ये, कुपवाडच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी होती. नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं आम्ही बनवायचो. वर हीटर, खाली पाळण्यासारखा ट्रे, आणि बाळाच्या पोटावर चिकटवायचा एक सेन्सर. त्याला प्रोब म्हणतात. प्रोब बाळाचं तापमान सांगतो, त्याप्रमाणं यंत्र हीटर कमी-जास्त करतं. मी, भरतेश मगदूम, त्या यंत्रातला प्रोग्रॅम लिहायचो. तौफिक मुल्ला माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, हार्डवेअर बघायचा आणि मला अरे-तुरे करायचा.

ऑगस्टच्या शेवटी एका हॉस्पिटलात आमच्या यंत्राखाली नऊ दिवसांचं एक बाळ भाजलं. पाठीवर आणि खांद्यावर. वाचलं, पण भाजलं. यंत्राच्या पडद्यावर ३६.४ दिसत होतं आणि बाळ तापलेलं होतं. असं झालं की सगळ्यात आधी एकच संशय येतो, प्रोब निघाला असणार. प्रोब लावणं सिस्टरचं काम. म्हणून त्या पाळीच्या सिस्टरना, रूथ आवळे नाव त्यांचं, घरी बसवलं होतं. शनिवारी त्यांचा निकाल लागायचा होता.

हे काम मला द्यायला आमचे मालक, दाते सर, तयार नव्हते. केबिनमध्ये बोलावून ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

“तुला जमेल का, भरतेश? म्हणजे कामाचं नाही म्हणत मी. बाळाचं प्रकरण आहे हे.”

“कंपायलरचं आहे, सर,” मी म्हणालो.

एप्रिलमध्ये आमची मुलगी पोटातच गेली होती. दिवस पूर्ण भरले होते. बाराव्या दिवशी मी कामावर परत आलो. पद्मजा, माझी बायको, घरात असायची, मी इथं. आम्ही दोघंही रडलो नव्हतो. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसा मी सगळाच होतो. हात लावलेला कळायचा, बाकी काही नाही. जेवायचो, झोपायचो, गाडी चालवायचो. एकदा बोट सोल्डरिंगच्या गनला चिकटलं तर वास आल्यावर कळलं.

आता कंपायलरचं थोडं सांगायला पाहिजे. यंत्रातली चिप एवढीशी असते. तिचा प्रोग्रॅम तिच्यावर तयार करता येत नाही. म्हणून मोठ्या कॉम्प्युटरवर एक कंपायलर बसवायचा, जो आपण लिहिलेला प्रोग्रॅम त्या चिपला समजेल अशा भाषेत करून देतो. त्याला क्रॉस-कंपायलर म्हणतात. आमच्या जुन्या चिपसाठी तो तयार मिळायचा नाही, मूळ सोर्समधून, म्हणजे त्याच्या लिहिलेल्या मजकुरातून, स्वतः बांधावा लागायचा. आधी अर्धाच कंपायलर बांधायचा, त्याच्याकडून गणित वगैरे करणाऱ्या तुकड्यांचा संच, म्हणजे लायब्ररी, तयार करून घ्यायची, आणि मग तिच्या आधारानं पूर्ण कंपायलर. सगळं मिळून साडेतीन तास. फेब्रुवारीत मी तो बांधला होता आणि त्याच्यावर चाळीस यंत्रांचा प्रोग्रॅम बनवला होता. त्या चाळिसांतलंच एक हे.

तो कॉम्प्युटर जुलैत मेला. हार्डडिस्कच गेली. प्रोग्रॅमचा सोर्स दुसरीकडं होता, पण कंपायलर गेला तो गेला. राहिलं माझं रजिस्टर, ज्यात मी प्रत्येक आज्ञा हातानं लिहून ठेवली होती. आता त्या रजिस्टरवरून तोच कंपायलर नव्यानं बांधायचा, त्याच्यातून तोच प्रोग्रॅम काढायचा, आणि त्या चाळिसांतल्या एका यंत्राच्या चिपमधून वाचलेल्या प्रोग्रॅमशी जुळवून बघायचा. जुळला, तर यंत्रात आम्ही दिलं तेच होतं, म्हणजे यंत्र बरोबर. मग सिस्टर चुकल्या.

दाते सरांना तो जुळायला हवा होता. मला काय हवं होतं ते मला माहीत नव्हतं.

फोल्डरचं नाव बदललं. मग नव्या कॉम्प्युटरनं वेगळंच नाटक सुरू केलं. सोर्स जुना, त्याला बांधणारा कंपायलर नवा, आणि नव्याला जुन्याच्या पंचवीस गोष्टी खटकायला लागल्या. मी एकेक ओळ दुरुस्त करत गेलो. चार वाजता गेटवरून निरोप आला की एक बाई आल्यात, मगदूम साहेबांना भेटायचंय म्हणतात.

रूथ सिस्टर वॉचमनच्या बाकावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. मला बघून उठल्या.

“तुम्ही प्रोग्रॅम करता ना? मला दात्यांना नाही भेटायचं. ते मालक आहेत, ते काय सांगणार मला माहितीय.”

“बसा, सिस्टर.”

“बसत नाही. एकच विचारायचंय. प्रोब मी लावला होता. तेवीस वर्षं लावतेय. टेप दोनदा दाबून बघते मी. मशीन चुकू शकतं का? हो की नाही, एवढंच सांगा.”

“शोधतोय.”

“म्हणजे चुकू शकतं.”

“सापडलं तर सांगेन, सिस्टर. सापडलं नाही तर तेही सांगेन.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. “घरी बसून बसून मलाच वाटायला लागलंय, लावला होता ना मी? रात्रंदिवस तेच. नवरा म्हणतो, नोकरीची चारच वर्षं राहिलीत, सोड. पण चुकलेली म्हणून कशी सोडू मी?” मग एकदम विचारलं, “तुम्हाला मुलं किती?”

“नाही,” मी म्हणालो.

“होतील,” त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

मी परत येऊन बसलो. तौफिकनं चहा आणून ठेवला होता. त्याच्यावर साय धरेपर्यंत मी तो बघितलाच नाही.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता कंपायलर पूर्ण झाला. एकही एरर नाही. प्रोग्रॅम काढला. तौफिकनं चिपमधला प्रोग्रॅम आधीच वाचून ठेवला होता. दोन्ही शेजारी ठेवून तुलना लावली. आम्ही दोघं उभेच होतो.

“जुळलं?” तौफिकनं विचारलं.

“नाही.”

“किती फरक?”

“दोनशे बारा बाईट.”

“आयला! एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये दोनशे बारा? वेळ-तारीख असंल काहीतरी.”

तारीख असती तर फरक विखुरलेला असता. हा सगळा एका जागी होता. मी ती जागा उघडून बघितली. दशांश चिन्हाच्या आकड्यांचा भागाकार करणारा, लायब्ररीतला एक तुकडा. आमच्या चिपला दशांशांचं गणित मुळात येत नाही, ते लायब्ररीनं करून द्यायचं असतं. जुन्या प्रोग्रॅममधला तो तुकडा, चिपला ते येतं असं समजून तयार झालेला होता.

“म्हणजे?” तौफिकनं विचारलं.

“म्हणजे सेन्सरचा आकडा बहुतेक वेळा बरोबर येईल. एखाद्या टप्प्यात चुकेल.”

“कुठल्या टप्प्यात?”

“बघू की.”

आम्ही स्टॉकमध्ये उरलेलं, त्या चाळिसांतलंच एक यंत्र टेबलावर घेतलं. प्रोब पाण्याच्या भांड्यात सोडला, शेजारी काचेचा थर्मामीटर, आणि पाणी हळूहळू तापवायला लागलो. ३५ ला ३५. ३६ ला ३६. ३७ ला ३७. तौफिक आकडे मोठ्यानं वाचत होता, मी लिहीत होतो. ३७.८ पर्यंत सगळं बरोबर. मग थर्मामीटरचा पारा वर सरकला आणि यंत्राच्या पडद्यावर ३६.४ आलं.

तौफिकनं वाकून थर्मामीटर पुन्हा वाचला.

पाणी ३८ झालं, पडदा ३६.४. साडेअडतीस झालं, पडदा ३६.४. बाळ गार आहे असं समजून यंत्रानं हीटर वाढवला. टेबलावरच्या पाण्यावर, आमच्या डोळ्यांसमोर.

“या अल्ला,” तौफिक म्हणाला. “भरत्या, सिस्टर खरं बोलत होती.”

“हो.”

“पण आत्ता बांधला तो बरोबर, आणि तेव्हाचा चूक? रजिस्टर तर एकच आहे.”

मी रजिस्टर उघडलं. फेब्रुवारीचं पान. आज्ञा सगळ्या त्याच, माझ्याच अक्षरात. मध्यावर एक आज्ञा खोडून खाली दुरुस्त केलेली. पहिल्यांदा मी ‘चिपला दशांश येतात’ असं सेटिंग देऊन बसलो होतो, आणि लायब्ररी बांधता बांधता एरर आली होती. मग सेटिंग बदललं. त्याच्याखाली लिहिलं होतं: ‘पुन्हा चालवलं. झालं.’ आणि वेळ, ४.२०.

नियम असा की सेटिंग बदललं की आधीचं सगळं पुसून टाकायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. तसं नाही केलं, नुसती आज्ञा पुन्हा दिली, तर कॉम्प्युटर बघतो, ही फाईल तयार आहे का? आहे. मग पुढची. ती कुठल्या सेटिंगनं तयार झालीय हे तो विचारत नाही. काही वेळा आधीचे तुकडे नव्याशी जमत नाहीत म्हणून एरर येते आणि आपण वाचतो. त्या दिवशी आली नाही. पहिली एरर येण्याआधी भागाकाराचा तुकडा तयार होऊन बसला होता, तो तसाच आत राहिला. या वेळी मी दुरुस्त केलेलं सेटिंगच पहिल्यापासून दिलं होतं, म्हणून तो बरोबर झाला. आम्ही सगळेच कधी ना कधी असं करायचो. अडलं की पुन्हा चालव. नव्यानं येणाऱ्याला मीच हे शिकवायचो.

नंतरची चाचणी पण मीच घेतली होती, ३४, ३६ आणि ३७ ला. तिन्ही बरोबर आले, आणि मी सही केली.

“पहिल्यापासून का नाही केलंस?” तौफिकनं विचारलं. “तू तर असा नाहीस.”

“घाई होती.”

“कशाची?”

मी पानावरची तारीख बघितली. घाई कशाची होती ते मला लख्ख आठवत होतं. तौफिकला सांगितलं नाही.

दाते सरांनी सगळं ऐकलं. पाण्याचं भांडं स्वतः येऊन बघितलं, दोनदा. मग केबिनमध्ये जाऊन बसले आणि बऱ्याच वेळानं मला बोलावलं.

“चाळीसच्या चाळीस बंद करायला सांगतोय. फोन करायला घेतलेत,” ते म्हणाले. “शनिवारी मी बोलेन. कंपायलरमध्ये दोष निघाला, एवढं पुरे. तुझं नाव कशाला?”

“ते विचारतील, दोष कसा आला. कंपायलर वाईट नाहीये, सर. आत्ता बांधला तो चांगला आहे. हे रजिस्टर दाखवल्याशिवाय कुणाचा विश्वास बसणार नाही. मग म्हणतील, कंपनीनं कायतरी जुळवाजुळव केली, प्रोब निघालाच असणार.”

“तुला पुढं कुणी नोकरी देणार नाही, भरतेश.”

“हो, सर.”

“तुला काहीच वाटत नाही का रे?” ते जवळजवळ ओरडलेच.

“नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं.

शनिवारी हॉस्पिटलच्या मीटिंग हॉलमध्ये लांब टेबल होतं. समितीत तिघं, मध्ये डॉक्टर मेहेंदळे, त्यांच्या शेजारी डॉक्टर सबनीस म्हणून एक वयस्कर बाई, आणि तिसरे एक इंजिनियर. टोकाला रूथ सिस्टर, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी पाण्याचं भांडं आणि यंत्र सोबत नेलं होतं. सगळ्यांसमोर करून दाखवलं. ३७.८ नंतर पडदा ३६.४ वर गेला तेव्हा सिस्टरनी डोळे मिटले.

इंजिनियर हुशार होते. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. “सेटिंग बदललंत, आणि साफ न करता पुन्हा चालवलंत? तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं?”

“हो. चूक माझी आहे.”

“पण का?”

“साफ करून पहिल्यापासून करायचं तर पावणेआठ वाजले असते. मला पाचला निघायचं होतं.”

“दुसऱ्या दिवशी नाही का करायचं?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम द्यायचा होता.”

“पण पाचला निघायची एवढी कसली निकड होती?” मेहेंदळ्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. “एक बाळ भाजलंय हो तुमच्या घाईनं!”

“घरी कार्यक्रम होता. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं व्हावी लागतात, घरातली मोठी माणसं नंतर जेवत नाहीत. म्हणून उशीर चालणार नव्हता.”

“कार्यक्रम कसला?”

“डोहाळजेवण होतं. बायकोचं.”

टेबलावरचं वातावरण जरासं सैल झालं. मेहेंदळे मागं टेकले. डॉक्टर सबनीस बाई पहिल्यांदाच बोलल्या, आणि अगदी सवयीनं, मायेनं बोलल्या.

“असं होय. मग? काय झालं, मुलगा की मुलगी?”

“मुलगी,” मी म्हणालो. “राहिली नाही.”

दाते सर टेबलाकडं बघत होते. सबनीस बाईंनी चष्मा काढला आणि परत घातला. मला त्यांची अडचण कळत होती, म्हणून मीच म्हणालो, “पुढचं विचारा.”

पुढचं कुणी विचारलं नाही. रूथ सिस्टरना सोमवारपासून कामावर घ्यायचं ठरलं. ते मेहेंदळ्यांनी तिथल्या तिथं मेट्रनबाईंना फोन करून सांगितलं.

जिन्यात सिस्टर माझ्यासाठी थांबल्या होत्या. मला वाटलं आभार मानतील. नाही मानले.

“मी रोज प्रार्थना करत होते, चूक मशीनची निघू दे म्हणून. मशीनच्या मागं कोणी असेल हे लक्षातच नाही आलं माझ्या.” त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. “त्या दिवशी गेटवर मी ‘होतील’ म्हणून गेले. माफ करा हं मला.”

“तुम्हाला काय माहीत,” मी म्हणालो.

घरी मी पद्मजाला एवढंच सांगितलं की चूक सापडली आणि सिस्टर सुटल्या. तारीख सांगितली नाही. ते बाळ बरं होत होतं, यंत्रं परत येत होती. दात्यांनी मला काढलं नाही, पण प्रोग्रॅमवरून हलवून दुरुस्तीवर टाकलं. ते बरोबरच होतं.

महिन्याभरानं समितीच्या अहवालाची प्रत पोस्टानं घरी आली. माझ्या नावावर होती, पण मी कामावर होतो, आणि पद्मजानं पाकीट फोडलं. संध्याकाळी मी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात भाजी चिरत बसली होती. अहवाल कट्ट्यावर होता, तिसऱ्या पानावर दुमडलेला. त्या पानावर सगळं लिहिलं होतं. तारीख, वेळ, ‘घरी डोहाळजेवणाचा कार्यक्रम असल्याने’.

मी हातपाय धुऊन आलो आणि तिच्यासमोर पाटावर बसलो.

“मी चार वेळा फोन केला होता ना तुम्हाला त्या दिवशी?” तिनं मान वर न करता विचारलं.

“दोनदाच.”

“चारदा. सगळ्या बायका येऊन बसल्या होत्या. आई म्हणत होत्या, सूर्य कलला, कुठंय तो. शेवटच्या वेळी मी चिडून बोलले, या नाहीतर येऊच नका म्हटलं.” तिची सुरी चालूच होती. “माझ्यामुळं भाजलं ते बाळ.”

“नाही, पद्मा.”

“मग कुणामुळं? लिहिलंय की इथं.”

समितीपुढं मी सगळं खरं सांगितलं होतं. एकच गोष्ट सांगितली नव्हती, कारण तिथं कुणी विचारली नव्हती, आणि मी स्वतःलाही ती तोवर सांगितली नव्हती.

“तुझा फोन यायच्या आधीच मी बॅग भरून बसलो होतो,” मी म्हणालो. “एरर आली तेव्हा मला राग आला होता, की आता ही मला थांबवणार. पद्मा, मला यायचं होतं गं. कधी एकदा घरी जातोय असं झालं होतं. हिरव्या साडीत तू कशी दिसतेस ते बघायचं होतं मला. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, म्हणून मी ते पुसलं नाही. तुझ्यामुळं नाही. मी खुशीत होतो म्हणून.”

सुरी थांबली. पद्मजानं माझ्याकडं पाहिलं, आणि मग तिचा चेहरा एकदम मोडला. ती रडायला लागली. एप्रिलपासून पहिल्यांदा. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता, शेजारी ऐकू जाईल असं.

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं माझा हात धरला, बोटांची नखं रुतली इतका घट्ट, आणि दुखलं. मला ते दुखलेलं कळलं. मी हात सोडवला नाही.